फलक होता, माहिती नव्हती

येत्या 15 जूनला कुंडमळ्याच्या दुर्घटनेला एक वर्ष पूर्ण होईल. मावळ तालुक्यात इंदोरीजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल 2025 साली त्या दिवशी, रविवारी दुपारी, पर्यटकांच्या भाराने कोसळला. चार जण प्राणाला मुकले, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोक्याचा आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते, असे मात्र नाही. गावाला ठाऊक होते. सरकारी दफ्तराला ठाऊक होते, म्हणूनच तर नव्या पुलासाठी निधी मंजूर झाला होता. पुलाजवळ इशाऱ्याचा फलकही होता. एवढ्या सगळ्या ठिकाणी असलेली माहिती नव्हती ती फक्त पुलावर पहिले पाऊल टाकणाऱ्याच्या डोक्यात.

अशा घटनेनंतर आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, लोकांना अक्कल नाही, फलक वाचत नाहीत. दुसरा म्हणतो, प्रशासन झोपले होते. वरातीमागून घोडे दोन्हीकडून निघतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तबेल्यात परततात. दोन्ही आरोपांत तथ्य आहे. पण त्यांच्या मधोमध एक साधा प्रश्न राहून जातो: माहिती म्हणायचे तरी कशाला? जी कुणाच्या निर्णयाला हातच लावत नाही, ती कितीही खरी असली तरी नोंद झाली. तिला माहिती म्हणावे का?

त्या रविवारी पुलापाशी आलेल्या माणसाच्या जागी क्षणभर उभे राहून पाहू. शनिवारी रात्री घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी टाकलेली चित्रफीत पाहून बेत ठरलेला. सकाळी गाडीत डबे, टॉवेल, मुलांचे जादा कपडे. तीन तास वाहतुकीत अडकून तो पोचतो. फलक दिसतो, नाही असे नाही. पण फलकाच्या पलीकडे पुलावर माणसेच माणसे उभी आहेत. कडेवर मुले घेतलेल्या बाया आहेत, काहींनी तर दुचाक्याही पुलावर घातल्या आहेत. आता त्याने कुणावर विश्वास ठेवायचा? रंग उडालेल्या पत्र्यावर, की डोळ्यांसमोरच्या जिवंत गर्दीवर? ती गर्दीच त्याला सांगते की पूल भक्कम आहे, बघा, एवढे लोक उभे आहेत. त्या दिवशीचा हा सर्वांत मोठा फलक होता, आणि तो साफ खोटा होता. कारण गर्दी हा पूल सुरक्षित असल्याचा पुरावा नव्हताच; पुलाला असलेला धोका तीच होती.

लोखंडी पत्र्याला या गर्दीशी झुंजायचे असेल तर त्याच्या अंगी काही बळ हवे. ‘धोकादायक’ हा शब्द आपण इतक्या भिंतींवर, विजेच्या इतक्या खांबांवर आणि इतक्या वळणांवर वाचतो की तो आता नजरेला अडत नाही. पूल कुणी तपासला, कोणत्या तारखेला, काय गंजले आहे, एका वेळी किती माणसांनी जावे, पलीकडे जायचेच असेल तर दुसरी वाट कोणती, यांतले काही लिहिले असते तर वाचणारा निदान थबकला असता. आपल्याकडच्या अशा पाट्या बहुधा ज्या वाक्याने संपतात ते सर्वांना पाठ आहे: दुर्घटना घडल्यास प्रशासन जबाबदार राहणार नाही. हे वाक्य वाचणाऱ्यासाठी लिहिलेले नसते. ते पुढे होणाऱ्या चौकशीसाठी लिहिलेले असते. आणि जी सूचना लिहिणाऱ्याला वाचवण्यासाठी लिहिली जाते, ती वाचणाऱ्याला वाचवत नाही.

याच्या अगदी उलट रीत याच तालुक्यात दीडशेहून अधिक वर्षे चालू आहे. 1863 साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. घाटात दरड येणार, रूळ खचणार, हे तेव्हापासून गृहीत आहे. म्हणून पावसाळ्यात आजही माणसे हातात दिवा घेऊन रुळांवर गस्त घालतात. मार्गात दगड दिसला तर गस्तवाला तिथे पाटी लावून घरी जात नाही. तो धोक्याच्या जागेपासून पुरेशा अंतरावर रुळावर फटाके बांधतो आणि लाल दिवा दाखवतो. इंजिनाच्या चाकाखाली फटाका वाजला की चालकाला विचार करायचा नसतो, गाडी उभी करायची असते. या पद्धतीत तीन गोष्टी आहेत. बातमी ज्याला निर्णय घ्यायचा त्याच्यापर्यंत जाते, ब्रेक लावायला वेळ उरेल इतकी आधी जाते, आणि तिचा अर्थ एकच निघतो. कुंडमळ्याच्या फलकात यांतली एकही नव्हती.

योगायोग असा की ज्या भुशी धरणाने लोणावळ्याला पावसाळी प्रसिद्धी दिली, ते याच रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधलेले. 30 जून 2024 रोजी, तोही रविवारच, धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात पुण्याच्या हडपसर भागातून आलेल्या एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत चार मुले होती. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभ्या असलेल्या त्या माणसांची चित्रफीत महाराष्ट्रभर फिरली, आणि ‘इतके पाणी दिसत असताना ते आत गेलेच कशाला’ असा शेराही तिच्याबरोबर फिरला.

पण ते आत गेले तेव्हा इतके पाणी नव्हते. घाटमाथ्यावरच्या ओढ्याचे हेच कपट आहे. आपण जिथे उभे असतो तिथल्या पावसावर आपले पाणी ठरत नाही. ते वरच्या पठारावर अर्ध्या तासापूर्वी काय पडले त्यावर ठरते. हिशेब करून पाहा. माथ्यावरच्या एका चौरस किलोमीटरवर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी 5 कोटी लिटर होते. माती आधीच भिजून तृप्त असेल तर त्यातले बहुतेक एकाच घळीतून खाली यायला निघते. खाली मात्र त्या वेळी नुसती भुरभुर असू शकते, क्वचित ऊनसुद्धा. म्हणजे पर्यटकाच्या डोळ्यांना दिसते ती माहिती खरी असते, पण चुकीच्या जागेची असते.

ओढ्याकाठी वाढलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. नितळ पाणी अचानक गढूळ झाले, पाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाजाचा पोत बदलून घरघर आली, की तो पोरांना हाका मारून बाहेर काढतो. वर पाऊस झाला किंवा नाही याची खात्री करायला थांबत नाही. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या बचाव पथकातली मुले वर्षानुवर्षे दऱ्यांतून आणि डोहांतून माणसे काढत आली आहेत. कोणत्या खडकावरून पाय घसरतो, कोणत्या डोहात भोवरा आहे, हे त्यांच्याइतके नेमके कुठल्या नकाशात सापडणार? पण ही मंडळी आपल्याला आठवतात ती पाणबुड्यांच्या यादीत, म्हणजे सारे संपल्यावर. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असे आपण म्हणतो खरे. पण त्यासाठी पुढच्याला ठेच लागली हे मागच्याला वेळेत कळावे लागते. मागचा तर दर रविवारी नवा असतो, दुसऱ्या गावाहून आलेला असतो.

मग आकडे तरी उपयोगी पडतात का? पडतात, पण कोणता आकडा कोणत्या कामाचा, हे ओळखले तरच. पुणे शहरात वर्षाकाठी साधारण 700 ते 750 मिलिमीटर पाऊस होतो, लोणावळ्यात 4,000 मिलिमीटरहून अधिक. अंतर जेमतेम 65 किलोमीटर. या दोन गावांची सरासरी काढून ‘पुणे जिल्ह्यात समाधानकारक पाऊस’ असे म्हटले तर ते वाक्य दोन्हीकडे निरुपयोगी ठरते. मावळ तालुक्याच्या आतच लोणावळ्याकडून तळेगावाकडे येताना पाऊस निम्म्याहून खाली उतरतो. हवामान खाते आता पुण्याच्या घाटभागाचा इशारा वेगळा देते, ही म्हणूनच मोठी सुधारणा आहे.

महसूल खात्याच्या लेखी 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी. मराठवाड्यात पिकाच्या नुकसानभरपाईचा निर्णय घ्यायला ही रेघ बरी आहे. लोणावळ्यात जुलै महिन्यात तेवढ्या पावसाला कुणी छत्रीसुद्धा बदलत नाही. शिवाय ‘लोणावळ्यात 24 तासांत इतके मिलिमीटर’ हा आकडा सकाळी साडेआठपर्यंतचा असतो. धरणाचा साठा मोजणाऱ्याला तो पुरतो. दुपारी एक वाजता मुलाचा हात धरून प्रवाहात उतरणाऱ्याला तो कालचा असतो. आकडा एकच, खराही तोच, पण एकाच्या कामाचा आणि दुसऱ्याला दिशाभूल करणारा.

भाषेचेही असेच. 25 जुलै 2024 च्या पहाटे पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचे पाणी घरांत शिरले तेव्हा इशारा वेळेवर पोचला नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. पण इशारा पोचला असता तरी तो कोणत्या भाषेत पोचला असता? धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग, या भाषेत. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. पाटबंधारे अभियंत्याला या एककात नदी दिसते. तळमजल्यावर राहणाऱ्या आजींना त्यातून काय कळावे? त्यांना ‘पहाटे चारपर्यंत पाणी वाहनतळात येईल, गाड्या आणि माणसे आत्ताच वर हलवा’ असे सांगावे लागते. पवना आणि वळवण धरणांखालच्या गावांनाही हेच लागू आहे. क्युसेकचे रूपांतर पायरीत, साकवात आणि स्मशानभूमीच्या ओट्यात करणे हे अभियंत्याचे काम आहे. ते आजींवर ढकलता येत नाही.

माहितीचे रूपांतर निर्णयात कसे करावे हे शिकायचे असेल तर मावळातल्या भातशेतकऱ्याकडे जावे. याच तालुक्यात, वडगावच्या भात संशोधन केंद्रात, 1987 साली ‘इंद्रायणी’ हा वाण तयार झाला आणि त्याच्या वासाने मावळचे नाव घरोघरी गेले. या शेतकऱ्याला मोसमी पाऊस केरळात कधी पोचला यात रस नसतो असे नाही. पण त्यावर तो बियाणे टाकत नाही. 2025 मध्ये मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोचला. इतका लवकर तो कित्येक दशकांत आला नव्हता. बातम्यांत आनंद होता. धूळवाफ पेरणी करणाऱ्याच्या कपाळावर मात्र आठी होती. कारण धूळवाफेला कोरडी माती लागते, आणि मे महिन्यातच पाऊस ठाण मांडून बसल्यावर ती आणायची कुठून? त्याचा प्रश्न पाऊस आला का, हा नव्हता. वाफसा आहे का, हा होता.

वाफसा हा मराठीतला फार मोलाचा शब्द आहे. जमीन ओली आहे पण चिखल नाही, औताला लागते पण चिकटत नाही, बी टाकले तर कुजणार नाही, अशी स्थिती. शेतकरी मूठभर माती दाबून पाहतो. मुठीचा गोळा होऊन बोटाने टिचकी मारताच तो फुटला, तर वाफसा आहे. यात हवामानशास्त्राचे सारे काही आहे आणि एकही अनावश्यक आकडा नाही. ही माहिती त्याच शेताची, त्याच सकाळची आणि पेरायचे की थांबायचे या एकाच प्रश्नाला उत्तर देणारी असते. पुढच्या आठवड्यात काय होईल हे ती सांगत नाही, तसा दावाही करत नाही. त्यासाठी तो हवामान खात्याचे ऐकतो. चांगल्या माहितीची व्याख्या शोधायला यापेक्षा लांब जायला नको.

आपल्याला काय ठाऊक नाही, हे सांगणे हाही चांगल्या माहितीचा गुण आहे. तो सरकारी कागदात फार विरळा. मावळच्या शेजारी, खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे त्यानंतर सरकारनेच सांगितले. यादीत नाव नसणे याचा खरा अर्थ ‘धोका आढळलेला नाही’ किंवा ‘तपासलेलेच नाही’, असा दोनपैकी काहीही असू शकतो. आपण तो ‘धोका नाही’ असा वाचतो. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला. त्याची तपासणी त्याच वर्षी मे महिन्यात होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला होता. कोरड्या नदीत पाहिलेला पूल पुरातल्या पुलाबद्दल किती सांगणार? तपासणीच्या कागदावर ‘योग्य’ या शब्दाशेजारी ‘कशासाठी, किती पाण्यापर्यंत आणि काय पाहता आले नाही’ हे लिहिले गेले तर तो कागद कामाचा.

याउलट माळीण आठवावे. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातले ते गाव डोंगराखाली गडप झाले, 151 माणसे गेली. बाहेरच्या जगाला त्याची वर्दी मिळाली ती एसटीच्या चालकाकडून. नेहमीच्या फेरीला तो गेला आणि जिथे गाव असायला हवे तिथे गाव नव्हते. उपग्रह होते, कार्यालये होती. पण काल इथे काय होते हे ज्याला रोज पाहून माहीत होते, त्यालाच आज काय नाही ते दिसले.

डोंगराची अशी ओळख असणे किती निर्णायक ठरते, हे मावळाला इतिहासानेही दाखवले आहे. फेब्रुवारी 1661 मध्ये शाइस्ताखानाने कोकणावर पाठवलेला कारतलबखान लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने खाली उतरला. फौज मोठी होती, वाट आडबाजूची होती, म्हणून कुणाला सुगावा लागणार नाही, असा त्याचा होरा. प्रत्यक्षात शिवरायांना त्याची वाट आधीच कळली होती, आणि त्याला मात्र आपण कुठे शिरतो आहोत हे कळले नव्हते. उंबरखिंडीच्या अरुंद, निर्जळ दरीत दोन्ही तोंडे बंद झाल्यावर शस्त्रास्त्रे आणि सामान टाकून, खंडणी कबूल करून त्याला सुटका करून घ्यावी लागली. खानाकडे हेर नसतील असे नाही. त्याच्याकडे वाटेचे नाव होते. दरीचे ज्ञान दुसऱ्या बाजूला होते.

माहिती ही केवळ सोयीची बाब नाही, सत्तेचीही आहे. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी माहिती अधिकाराचा वापर करून या भागातल्या जमीन व्यवहारांतले गैरप्रकार उजेडात आणत होते. 13 जानेवारी 2010 रोजी सकाळी फिरायला गेले असताना तळेगावातच त्यांची हत्या झाली. ज्या तालुक्यात एका माणसाने कागद मागितले आणि त्याची किंमत जिवाने मोजली, तिथे ‘लोक माहिती घेत नाहीत’ असे कुणी सहज म्हणू नये. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यातले कलम 4 तर नागरिकाने मागण्याआधीच माहिती जाहीर करायला सांगते. पुलाचा तपासणी अहवाल हा या कलमाच्या आत्म्यातलाच कागद आहे. तो पुणे किंवा मुंबईच्या कपाटात का राहावा? त्याचे चार ओळींचे सार, तारीख आणि तपासणाऱ्याच्या हुद्द्यासह, त्या पुलाच्या तोंडाशी आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर का असू नये?

आमचे मागणे म्हणून थोडके आहे. भुशीच्या मागच्या ओढ्यावर, कुंडमळ्याला, आणि पावसाळी गर्दी होणाऱ्या अशा प्रत्येक ठिकाणी, वरच्या बाजूला पाणी पाहणारा एक माणूस आणि खाली शिट्टी वाजवून लोकांना बाहेर काढण्याचा अधिकार असलेला दुसरा, निदान शनिवार-रविवारी तरी हवा. ही माणसे गावातलीच असावीत आणि त्यांना त्याचा मोबदला मिळावा. फलकावर तारीख हवी. ज्या फलकावर तारीख नाही तो कधीच खोटा ठरत नाही, म्हणून कधीच खराही वाटत नाही. धरणाच्या विसर्गाचा निरोप गावाच्या खुणांमध्ये जावा. आणि सरसकट बंदीचा मोह आवरावा. सगळीकडे, सगळ्या दिवसांसाठी दिलेला धोक्याचा इशारा हा सर्वांत आळशी इशारा असतो. आज नको म्हणणाऱ्याने उद्या कधी चालेल तेही सांगितले, तरच त्याचे ‘नको’ लोक ऐकतात. लोणावळ्यातल्या चिक्कीवाल्यापासून भुट्टेवाल्यापर्यंत अनेकांची चूल या गर्दीवर पेटते, हेही विसरून चालणार नाही.

उरलो आम्ही, बातमी देणारे. ‘भुशी धरण ओव्हरफ्लो’ ही बातमी दर पावसाळ्यात वृत्तपत्रे पहिल्या पानावर घेतात, पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्याच्या मोठ्या छायाचित्रासह. धरण भरले ही वस्तुस्थिती आहे, तिच्यात खोटे काही नाही. पण ती शनिवारी छापली की रविवारचे आमंत्रण होते. ज्या पाण्याला ओढ्याकाठचा माणूस धोक्याची खूण म्हणतो, त्यालाच आम्ही पर्वणी म्हणत आलो. कुंडमळ्याच्या पुलावरची गर्दी जशी फलकाला खोटे पाडत होती, तसेच आमचे छायाचित्र आतल्या पानावरच्या इशाऱ्याला खोटे पाडत होते.

यंदा 15 जून सोमवारी येतो. त्याच्या आदल्या रविवारी, पाऊस असेल तर, रस्ते पुन्हा लोणावळ्याकडे वाहतील. धरण भरले की बातमी आम्हीही देऊ; ती द्यायलाच हवी. फक्त माथ्यावर आदल्या रात्री किती पडले, आज दुपारी काय होऊ शकते, आणि ओढ्याच्या कोणत्या बाजूला पाय ठेवू नये, ही ओळ आजवर बातमीच्या शेवटी, जागा उरली तर येत होती. यापुढे ती पहिली येईल.